दुसरे घर

ब्राह्मणपुरी हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातील एक गाव. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला तापीचे खोरे, आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी, पपई, ऊस व कापूस यांची शेते, असा हा मुलूख आहे. येथे कोणाच्या तोंडी अहिराणी असते, कोणाच्या गुजरी, कोणाच्या भिलोरी, तर कोणाच्या पावरी. या परिसरातील मुलामुलींचे शालेय शिक्षण संपले, की त्यांची पावले शहाद्याकडे, नंदुरबारकडे आणि धुळ्याकडे वळतात. १९९० साली जळगावला गिरणेच्या काठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. सातपुड्याच्या पायथ्यापासून तेथे रोज जाऊन परत येणे कोणालाही शक्य नाही. तेव्हा ज्याला इतक्या दूर शिकावयास जावयाचे आहे, त्याच्यापुढे पुस्तकाआधी एक दुसराच प्रश्न उभा राहतो: रात्री पाठ कोठे टेकावयाची?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वसतिगृह. गुण उत्तम मिळाले, प्रवेश मिळाला, परंतु राहावयास जागा मिळाली नाही, म्हणून वळकटी उचलून घरी परतलेली मुले कमी नाहीत. जागा मिळाली, पण तेथे पाणी नाही, उजेड नाही, पोटभर अन्न नाही, आपुलकीचा शब्द नाही, म्हणून दोन महिन्यांत परतलेलीही आहेत. अशा मुलाची बुद्धी कमी पडली असे लोक म्हणतात. खरे पाहता त्याचे घर कमी पडलेले असते. म्हणूनच विद्यापीठाच्या आवारात नवे वसतिगृह बांधावयाचे ठरते, तेव्हा कागदावर ओढली जाणारी प्रत्येक रेघ कोणाच्या तरी आयुष्यावर ओढली जात असते.

वसतिगृहाची आखणी करणे वरवर सोपे दिसते. मुले किती ते मोजावे, तितक्या खाटांना पुरतील एवढ्या खोल्या एका ओळीत काढाव्या, टोकाला न्हाणीघरे घालावी, की काम झाले. धर्मशाळा अशीच बांधतात. परंतु धर्मशाळेतला पांथस्थ रात्रीपुरता येतो आणि पहाटे निघून जातो. वसतिगृहातला विद्यार्थी तीन-चार वर्षे राहतो. तो तेथे आजारी पडतो, परीक्षेला घाबरतो, मित्र जोडतो, भांडतो आणि मोठा होतो. म्हणून जाणता स्थपती आधी खोल्या काढीत नाही. तो प्रथम त्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणतो. मूल पहाटे उठून कोठे जाईल? पाण्यासाठी किती वेळ तिष्ठेल? दुपारच्या उन्हात कोठे बसेल? रात्री सोबत्याला झोप आली असता दिवा कोठे लावील? आणि घरची आठवण आली, तर कोणाजवळ जाईल? या प्रश्नांची उत्तरे मिळू लागली, म्हणजे भिंतींच्या जागा आपोआप ठरत जातात.

हे शहाणपण आपल्या भूमीला नवे नाही. अजिंठ्याचे बारावे लेणे पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात कोरलेला हा विहार आहे. विहार म्हणजे भिक्षूंचे राहण्याचे आणि शिकण्याचे ठिकाण. मधोमध खांब नसलेला एक चौकोनी दालन आहे. त्याच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा खोल्या आहेत, आणि खोल्यांमध्ये दगडातच कोरलेले दोन-दोन ओटे आहेत. ते ओटे म्हणजे निजण्याच्या खाटा. खोली अगदी लहान आणि दालन मात्र ऐसपैस. खोलीत माणूस एकटा बसून चिंतन करी. दाराबाहेर पाऊल टाकले, की तो सर्वांच्या मध्ये येई. एकांत आणि सहवास यांच्यामध्ये केवळ एक उंबरठा होता. कोरणाऱ्यांनी कोणत्याही विद्यापीठात स्थापत्यशास्त्राचे धडे घेतले नव्हते. तरीही विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी लागतात, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

बिहारमधील नालंदा येथेही हाच विचार दिसतो. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग तेथे शिकावयास राहिला होता. उत्खननात तेथे विटांचे विहार एका रांगेत सापडले आहेत. प्रत्येकात मध्ये चौक, भोवती ओसरी आणि ओसरीला लागून खोल्या. सांडपाण्यासाठी बांधीव नाल्या आहेत, आणि खोल्यांच्या भिंतींत कोनाडे आहेत. दिवा वा पोथी ठेवण्यापुरती ती जागा. पण परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला ‘ही माझी’ असे म्हणता येईल, एवढी तरी हक्काची जागा लागतेच. आजही नव्या वसतिगृहाच्या खोलीत प्रत्येकाला स्वतःचे कुलूप लावता येईल असे एक कपाट, स्वतःचे एक टेबल आणि स्वतःची एक खुंटी दिली, तर जुन्या कोनाड्याचेच काम होते. आईने बांधून दिलेली शिदोरी आणि गावाकडचे एखादे छायाचित्र ठेवावयास ती जागा पुरेशी असते.

यानंतर विचार करावयाचा तो ऊनवाऱ्याचा. खानदेशचा उन्हाळा कडक. परीक्षेचे दिवस आणि कडक उन्हाचे दिवस येथे बरोबरच येतात. जुने खानदेशी घर धाब्याचे असे. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर घातलेले सपाट छप्पर, यांमुळे बाहेरची धग आत पोहोचावयास फार वेळ लागे. आजच्या सिमेंटच्या पातळ छपराला हा गुण नाही. ते दिवसभर तापते आणि विद्यार्थी अभ्यासाला बसला, की साठवलेली उष्णता त्याच्या डोक्यावर सोडू लागते. म्हणून वरच्या छपराला पांढरा लेप द्यावा, त्यावर उष्णता अडविणारा थर घालावा, ही केवळ चैनीची गोष्ट नव्हे.

इमारत कोणत्या दिशेला तोंड करून उभी राहते, यालाही मोठे महत्त्व आहे. या भागात भर उन्हाळ्यातील दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. उत्तर आणि दक्षिण दिशांच्या भिंतींवर त्याचे ऊन फारसे पडत नाही. जे पडते ते साधा छज्जाही अडवितो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते आणि छज्जाखालून थेट खोलीत शिरते. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तरेला व दक्षिणेला ठेवाव्या, पश्चिमेच्या टोकाला जिना आणि सामानाची कोठी घालावी, आणि त्यापलीकडे कडुनिंब लावावा. समोरासमोर खिडक्या असल्या, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडे निघून जातो. येथे वारा बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतो. तेव्हा स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला असावे, म्हणजे धूर आणि फोडणीचा ठसका खोल्यांत येत नाही. पावसाचे पाणी छपरावरून वाहून जाऊ न देता टाक्यात वा जमिनीत मुरवावे. पाण्याच्या एका नळापाशी जेथे रोज रांग लागते, तेथे पहिला तास कोणाला गाठावयाचा, हे बुद्धीवर ठरत नाही, धक्काबुक्कीवर ठरते.

इतके सारे साधले, तरी काम अर्धेच होते. वीट, चुना आणि वारा यांची आखणी झाली. माणसांची आखणी राहिली. ही दुसरी आखणी महाराष्ट्राने फार कष्टाने शिकून घेतली आहे. तिचा पहिला धडा कोल्हापूरचा.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. दार सर्वांना उघडे होते. परंतु दार उघडे असणे आणि आत गेल्यावर मान मिळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही वर्षांतच त्या वसतिगृहात एकाच समाजाची मुले उरली; इतरांचा तेथे निभाव लागेना. महाराजांनी मग वेगळा मार्ग धरला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अन्य समाजांची वसतिगृहे महाराजांच्या साहाय्याने उभी राहिली. १९०८ मध्ये तत्कालीन अस्पृश्य समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे वसतिगृह सुरू झाले. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ असे म्हणतात ते यामुळेच. जी मुले शिक्षणाच्या वेशीबाहेर होती, ती या घरांच्या आधाराने आत आली.

याच कोल्हापुरात शिकलेल्या एका विद्यार्थ्याने पुढचे पाऊल टाकले. त्यांचे नाव भाऊराव पाटील. वेगवेगळ्या घरांत राहून मुले शिकली खरी, पण ती एकमेकांना केव्हा ओळखणार, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. १९१९ साली त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली संस्थेचे काम साताऱ्याला आले. तेथे त्यांनी जे वसतिगृह चालविले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत. मुलेच पाळीने स्वयंपाक करीत, मुलेच पाणी आणीत, मुलेच झाडलोट करीत, आणि सारी एका पंगतीला बसून जेवीत. ज्या काळी एकाच्या सावलीचा दुसऱ्याला विटाळ होई, त्या काळी ही पंगत बसत होती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

त्या घराला उंच कमानी नव्हत्या की संगमरवरी फरशी नव्हती. त्याचा मध्य होता तो चूल. एकदा भाऊराव बाहेरगावी असता घरातील धान्य संपले. मुले भुकेली होती. तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र देऊन धान्य आणविले. अंगावरचे बाकीचे दागिने त्याआधीच मुलांसाठी खर्ची पडले होते. १९३० साली त्या निवर्तल्या. परंतु त्या चुलीवर शिजलेल्या अन्नाने जी माणसे घडली, त्यांनी पुढे खेडोपाडी शाळा काढल्या. वसतिगृहाचा नकाशा काढताना भोजनगृहाला उरलीसुरली, अंधारी जागा देणाऱ्याने लक्ष्मीबाईंची ही गोष्ट जरूर आठवावी. जेथे सर्वजण रोज दोन वेळा एकत्र येतात, ती जागा घरातील सर्वांत उजळ आणि हवेशीर जागा असली पाहिजे.

मुलींच्या वसतिगृहाचा विचार करताना पुण्याजवळच्या हिंगण्याची वाट आठवते. विधवा स्त्रियांच्या शिक्षणासाठी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये संस्था स्थापन केली. शहरात तिला विरोध होता. तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी पैसे दिले. १९०० साली त्या माळावर एक झोपडी उभी राहिली, आणि तीच आश्रमाचे पहिले घर झाली. कर्वे दिवसभर फर्गसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि संध्याकाळी चिखलाची वाट तुडवीत, कधी सामानाचे ओझे घेऊन, आश्रमात जात. त्या झोपडीला भक्कम तट नव्हता. तिची राखण माणसाच्या येण्याजाण्याने होत होती. आजही मुलींच्या वसतिगृहाची सुरक्षितता केवळ उंच भिंतीने साधत नाही. वाचनालयापासून दारापर्यंतचा रस्ता उजळलेला असावा, त्यावर माणसांची ये-जा असावी, अधीक्षिकेची खोली कोपऱ्यात दडलेली नसून जिन्यापाशी असावी, आणि रात्री ताप चढला तर हाक ऐकावयास कोणी जागे असावे. भिंत उंच केली, की घराचा तुरुंग होण्यास फारसा वेळ लागत नाही.

अभ्यासाला शांतता लागते, हे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांइतके कोणाला ठाऊक असणार? विद्यार्थिदशेत परळच्या चाळीतील एका खोलीत त्यांचे सारे कुटुंब राहत असे. घरातील माणसे निजली, म्हणजे तीच खोली त्यांची अभ्यासिका होई. पुढे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या संस्थेने महाविद्यालय काढले, तेव्हा तेथील इमारतींच्या कामात त्यांनी जातीने लक्ष घातले. महाविद्यालयाबरोबर तेथे वसतिगृहेही उभी राहिली. नागसेन या विद्वान भिक्षूच्या नावावरून त्या परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले. ज्यांच्या घरी दिवा ठेवावयास जागा नाही, त्यांच्यासाठी विद्यालयानेच ती जागा दिली पाहिजे, हा त्यामागील भाव होता.

आता गिरणेच्या काठी असो वा अन्य कोठे, विद्यापीठाच्या आवारात एखादे नवे वसतिगृह बांधावयाचे झाले, तर ही सारी शिकवण एका कागदावर उतरवावी लागेल. खोल्या लहान असल्या तरी चालतील, परंतु चौक मोठा हवा. रात्री उशिरापर्यंत वाचणाऱ्यांसाठी निजण्याच्या खोल्यांपासून दूर अशी एक अभ्यासिका हवी. आजारी मुलासाठी वेगळी, हवेशीर खोली हवी. आग लागली तर बाहेर पडावयास दोन टोकांना दोन जिने हवेत. कुबड्या घेऊन किंवा चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला उचलून आत न्यावे लागू नये, म्हणून दाराशी पायऱ्यांच्या जोडीला उतार हवा. या गोष्टी इमारत उभी राहिल्यावर सुचल्या, तर भिंती फोडाव्या लागतात. आधी सुचल्या, तर त्यांना पेन्सिलीची एक रेघ पुरते.

यापुढची गोष्ट नकाशात दिसत नाही, तरीही ती आखावीच लागते. ब्राह्मणपुरीच्या बाजूचा एखादा मुलगा प्रथमच शहरात येतो. त्याच्या घरी पावरी बोलतात. वर्गातील मराठी त्याला समजते, पण बोलताना जीभ अडखळते, आणि कोणी हसेल म्हणून तो बोलतच नाही. व्यवस्थापकांनी सोयीसाठी एका तालुक्याची मुले एका मजल्यावर घातली, तर त्याला सोबत मिळेल. पण तीन वर्षांनी तो जसा आला तसाच परत जाईल. त्याला अगदी एकटा अनोळखी मुलांत टाकला, तर कदाचित तो तीन आठवडेही राहणार नाही. तेव्हा मजल्यावर ओळखीचा एक चेहरा आणि खोलीत अनोळखी सोबती, अशी जोड घालावी लागते. दादरची भाकरी त्याला ताटात मिळाली, तर त्याचे अर्धे परकेपण गळून जाते. सोबत्याने त्याच्याकडून पावरीतले चार शब्द शिकून घेतले, तर उरलेले अर्धेही जाते. अजिंठ्याच्या खोलीत दोन ओटे होते, हे येथे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या ओट्यावर कोण निजतो, यावरही पहिल्याचे शिक्षण अवलंबून असते.

आणि या आखणीत विद्यार्थ्यांना कोणी विचारतो काय? बहुधा विचारीत नाहीत. कपडे वाळत घालावयास जागा नाही, हे जुन्या वसतिगृहातील प्रत्येक मुलीला ठाऊक असते. नव्याचा नकाशा काढणाऱ्याला मात्र ते ठाऊक नसते. जुन्या इमारतीत राहिलेल्यांना एक दिवस बोलावून नुसते ऐकून घेतले, तरी कितीतरी चुका कागदावरच पुसल्या जातील. साताऱ्याच्या मुलांनी आपले घर स्वतः चालविले, म्हणून ते त्यांचे झाले. नव्या वसतिगृहातही भोजनाची व्यवस्था, पाण्याची काटकसर, झाडांची निगा, नव्या मुलांचे स्वागत, ही कामे विद्यार्थ्यांकडे सोपविली पाहिजेत. आयते मिळालेले घर माणूस वापरतो. हाताने राखलेल्या घरावर तो प्रेम करतो.

जगातील बहुतेक घरे माणसाला धरून ठेवण्यासाठी बांधली जातात. वसतिगृह मात्र माणसाला एक दिवस निरोप देण्यासाठी बांधलेले असते. भित्रे, अबोल, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेले मूल त्याच्या दारात येते. काही वर्षांनी त्याच दारातून एक धीट, समंजस, चार भाषा बोलणाऱ्यांशी मैत्री केलेला तरुण किंवा तरुणी बाहेर पडते. त्या मधल्या काळात भिंतींनी ऊन अडविले, खिडक्यांनी वारा दिला, चुलीने भूक भागविली आणि सोबत्यांनी परकेपण दूर केले, तर स्थपतीची आखणी सफल झाली म्हणावयाची. रिकामी झालेली खोली मग झाडून पुसून ठेवली जाते. कारण पुढच्या जूनमध्ये डोंगराच्या कुशीतल्या एखाद्या पाड्यावरून आणखी कोणी वळकटी घेऊन तेथे यावयाचे असते.